अनुभव धागा : मैफल संपल्यानंतरचा कलाकार

गाण्या-वाजवण्याच्या क्षेत्रातल्या मंडळींनी आपला स्वभाव आणि श्रोत्यांसमोरचे आपले रूप यांचा मेळ कसा बसतो, किंवा बसत नाही, हे घडलेल्या प्रसंगांसह लिहावे. सुरुवात मीच करते.

मी ख्याल गाते. मला श्रोत्यांची भीती वाटत नाही, त्यांच्याशी बोलण्याची वाटते. ग्रीन रूममध्ये तारांखालचा जवारीचा दोरा सरकवत तानपुरे जुळवण्याचा वेळ माझा स्वतःचा असतो, आणि षड्ज लागला की समोर तीस माणसे आहेत की तीनशे, याने काही फरक पडत नाही. परीक्षा सुरू होते ती मैफलीच्या शेवटच्या भैरवीनंतर, जेव्हा छायाचित्रांसाठी आणि ‘ओळखलंत का?’ असे विचारण्यासाठी रांग लागते. एकदा तानपुरा गवसणीत घालण्याच्या निमित्ताने मी पंधरा मिनिटे विंगेत बसून राहिले. तो तानपुरा माझा नव्हता, आयोजकांचा होता.

तबलावादक : माझे नेमके उलटे आहे. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइलसमोर एकल वादन मुद्रित करायचे होते. तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली, पण दाद द्यायला खोलीत कोणीच नसल्यामुळे हात जड झाला आणि तीन प्रयत्न वाया गेले. चौथ्या वेळी शेजारच्या काकांना समोर बसवले. त्यांना तीनतालाच्या मात्राही ठाऊक नाहीत. तरी भलत्याच जागी का होईना, ते मान डोलावत होते, आणि तेवढ्यावर कायदा (तबल्यावर विस्तारत नेण्याची रचना) रंगला.

संवादिनीवादक : साथसंगत हे अबोल माणसाचे काम आहे असे मला वाटत आले आहे, कारण उत्तर द्यायचे असले तरी विषय दुसऱ्याने काढलेला असतो.

कीर्तनकार : घरी मला ‘मौनीबाबा’ म्हणतात. नारदीय कीर्तनात मात्र पूर्वरंगाचे निरूपण आणि उत्तररंगाचे आख्यान मिळून दोन तास एकट्याने बोलायचे असते, आणि ते मला जमते. फेटा बांधून उपरणे खांद्यावर घेतले की बोलतात ते बुवा. बुवांना सुचणारे विनोद मला कधीच सुचत नाहीत. हे यजमानांना पटत नाही. प्रसादाच्या पंगतीत ‘बुवा, एखादा किस्सा होऊ द्या’ असा आग्रह झाला, की माझा घास घशात अडकतो.

सतारवादक : असा विषय निघाला की सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींना एकांतप्रिय म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला खटकते. जाहीर मैफली सोडल्यावरही त्यांनी मुंबईतल्या घरी बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर यांच्यासारख्यांना शिकवले. मैफल नको असणे आणि माणसे नको असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या निर्णयात स्वभावाचा वाटा किती होता, हे आपण बाहेरून ठरवू नये. माझ्यापुरते सांगायचे तर दोन विद्यार्थिनी समोर असल्या की मी आलाप तासभर वाढवू शकते. सभागृहात मात्र घामाने मिजराब (तार छेडायची नखी) बोटावरून सरकते, म्हणून मी तरफा (मुख्य तारांखालच्या गुंजणाऱ्या तारा) गरजेपेक्षा जास्त वेळ जुळवत बसते. श्रोत्यांना तो काटेकोरपणा वाटतो. गेल्या वर्षी एकाने त्याबद्दल माझे खास अभिनंदनही केले, आणि मी नुसती मान हलवली.