लहान ट्रॅक्टरच्या लोडरसाठी ग्रॅपल निवडताना वजन, रुंदी आणि हायड्रॉलिक जोडणी यांचा विचार कसा करावा?

प्रश्न : माळरान

नमस्कार. माझ्याकडे ३० एचपीचा, चारही चाकांना ओढ असलेला लहान ट्रॅक्टर आहे आणि त्याला पुढे लोडर बसवलेला आहे. पुस्तिकेनुसार लोडरची उचलण्याची क्षमता पूर्ण उंचीवर, पिनपाशी (बाहूंना अवजार जोडले जाते तिथे) ४५० किलो आहे; अवजारांसाठीचा पंप मिनिटाला २४ लिटर तेल देतो आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह १७० बारला उघडतो. बकेट काढून दुसरे अवजार लावता यावे म्हणून स्किड-स्टिअर (लहान लोडर यंत्र) धाटणीची झटपट जोडणी आहे.

या लोडरला ग्रॅपल, म्हणजे खालचे दाते आणि वरचा हायड्रॉलिक जबडा यांत माल दाबून धरणारे अवजार, लावायचे आहे. कामाचे स्वरूप असे आहे : अनेक वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीवरची झुडपे काढणे, तोडलेल्या फांद्या गोळा करून ढीग लावणे, साधारण ३० सेंमी जाडीचे ओंडके वाहून नेणे, मध्यम आकाराचे दगड उचलणे आणि जमल्यास लहान बुंधे मुळांसकट काढणे. माझ्यासमोर सध्या दोन पर्याय आहेत. एक ग्रॅपल १.२ मीटर रुंद, एकाच वरच्या जबड्याचा आणि १६० किलो वजनाचा आहे; दुसरा १.५ मीटर रुंद, दोन स्वतंत्र जबड्यांचा आणि २५० किलोचा आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की मोठा घेतला तर तो पुढे मोठ्या ट्रॅक्टरलाही चालेल. तेल पुढे नेण्यासाठी डायव्हर्टर व्हॉल्व्ह घ्यावा की स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह, हेही ठरलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुळई

आपण लोडरचे आकडे दिले आहेत, हे फार बरे केले, कारण या निवडीची सुरुवात ग्रॅपलपासून न करता लोडरपासूनच करावी लागते. पुस्तिकेतील ४५० किलो हा आकडा पिनपाशी टांगलेल्या वजनाचा आहे. बहुतेक पुस्तिकांमध्ये त्यातून बकेटचे किंवा झटपट जोडणीच्या पट्टीचे वजन वजा केलेले नसते. ग्रॅपलमधला माल तर पिनच्याही बराच पुढे असतो. त्यामुळे ४५० मधून ग्रॅपलचे वजन वजा केले की उरलेले सगळे मालासाठी, असा सरळ हिशोब केला तर तो चुकतो. येथे वजनाइतकेच अंतरही मोजावे लागते.

समजा, लोडरच्या बाहूच्या मागच्या सांध्यापासून पुढच्या पिनपर्यंतचे आडवे अंतर १.८ मीटर आहे. म्हणजे लोडर ४५० गुणिले १.८, अर्थात ८१० इतका आघूर्ण (किलोतील वजन गुणिले मीटरमधील अंतर) पेलतो. १६० किलोच्या ग्रॅपलचा गुरुत्वमध्य पिनच्या पुढे ३० सेंमी धरला, तर तो एकटाच १६० गुणिले २.१, म्हणजे ३३६ खाऊन टाकतो. उरलेल्या ४७४ मध्ये, पिनच्या पुढे ६० सेंमीवर असलेला माल २.४ मीटरवर धरावा लागतो. भागाकार केला की साधारण २०० किलो हाती येतात. हाच हिशोब २५० किलोच्या ग्रॅपलसाठी केला, तर मालासाठी जेमतेम १२० किलो उरतात. आपल्या लोडरची मापे थोडी वेगळी असतील आणि झटपट जोडणीची पट्टीही यात धरलेली नाही, परंतु दोन ग्रॅपलमधला फरक लक्षात येण्यास एवढे पुरेसे आहे.

आता हे आकडे आपल्या कामाशी ताडून पाहा. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो धरले, तर ३० सेंमी जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका १७० ते २१० किलोचा भरतो. ५० सेंमी व्यासाचा गोलसर दगडही १७० किलोच्या आसपास जातो. हलक्या ग्रॅपलने हे काम पूर्ण उंचीवर काठावर का होईना पण होईल, आणि जमिनीलगत तर अधिक सहज होईल, कारण लोडर खालच्या उंचीवर सहसा जास्त वजन उचलतो. जड ग्रॅपल मात्र असा ओंडका ट्रॉलीच्या काठापर्यंत नेऊ शकणार नाही. मोठ्या ट्रॅक्टरची खरेदी कधी होईल हे ठाऊक नसताना त्याच्यासाठीचे वजन आज या लोडरवर लादणे मला पटत नाही.

उत्तर : झाडझुडूप

वरचा हिशोब योग्य आहे, पण रुंदीच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. फांद्या आणि झुडपे आकाराने प्रचंड असतात आणि वजनाने हलकी. अशा कामात लोडरची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी ग्रॅपलमधली जागा संपते. शिवाय ग्रॅपल ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा अरुंद असला, तर कडेच्या फांद्या पुढच्या चाकाखाली येतात आणि तुटलेले खुंट टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत घुसण्याचा धोका वाढतो. म्हणून ढीग लावणे हेच मुख्य काम असेल, तर लहान ट्रॅक्टरसाठीच बनवलेला, उच्च ताकदीच्या पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा १.५ मीटरचा हलका ग्रॅपल मिळतो का, हे अवश्य पाहावे. २५० किलोचा ग्रॅपल मीही सुचवणार नाही. त्याची बांधणी बहुधा स्किड-स्टिअरच्या कामासाठी केलेली असावी.

दोन जबड्यांचा खरा उपयोग माल वेडावाकडा असतो तेव्हा होतो. एका बाजूला जाड बुंधा आणि दुसऱ्या बाजूला बारीक फांद्या असतील, तर एकसंध जबडा बुंध्यावर टेकून थांबतो आणि फांद्या सैल राहतात. दोन जबडे आपापल्या मालावर वेगवेगळे बसतात. मात्र १.२ मीटर रुंदीत हा फायदा फारसा जाणवत नाही आणि जादा सिलिंडर, पिना व होज यांचे वजन मात्र वाढते. त्या रुंदीला एक जबडा पुरे.

रुंदीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो खालच्या दात्यांचा आकार, आणि त्याबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही. खालचे दाते लांब, सपाट आणि जमिनीला समांतर सरकणारे असतील, तर ते ढिगाखाली सहज शिरतात आणि ओंडके त्यांच्यावर स्थिर बसतात. दाते सुरुवातीपासूनच वर वळलेले असतील, तर मुळे उकरून काढणे सोपे जाते, पण एकच बारीक ओंडका उचलताना तो दात्यांच्या पोटात नीट बसत नाही. दात्यांमधले अंतर २० ते २५ सेंमी असेल तर माती खाली झडून जाते आणि ढिगात फक्त लाकूड जमा होते. पण त्याच फटींतून डोक्याएवढे दगडही निसटतात. दगडांसाठी ८ ते १० सेंमी अंतराचे दाते लागतात, त्यात पोलाद जास्त जाते आणि वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपल्या यादीत दगड आहेत, पण ते मध्यम आकाराचे आणि एकेकटे उचलायचे असतील, तर मोकळ्या दात्यांचा ग्रॅपलही ते दोन दात्यांवर पेलून जबड्याने दाबून धरतो. लहान दगडगोट्यांसाठी बकेट आहेच.

उत्तर : तेलदाब

मी हायड्रॉलिकपुरतेच लिहितो. आपल्या पंपाचा प्रवाह या कामाला पुरेसा आहे, याची खात्री बाळगावी. ५० मिमी व्यासाचा आणि २०० मिमी धावेचा सिलिंडर पूर्ण बाहेर येण्यास सुमारे ०.४ लिटर तेल लागते. मिनिटाला २४ लिटर म्हणजे सेकंदाला ०.४ लिटर, तेव्हा इंजिन पूर्ण वेगात असताना एका सिलिंडरचा जबडा एका सेकंदात आणि दोन सिलिंडरांचे जबडे दोन सेकंदांत मिटतील. इंजिन निम्म्या वेगावर चालवले, तर वेळ दुप्पट होईल आणि तोही चालण्यासारखा आहे. १७० बारला हा सिलिंडर सुमारे ३४०० किलो बलाने ढकलतो. जबड्याच्या टोकापाशी तरफेच्या प्रमाणात त्याचा चौथा भाग उरला असे धरले, तरी ८५० किलोची पकड मिळते. ओंडका धरायला याहून जास्त लागत नाही, त्यामुळे जाड सिलिंडरच्या जाहिरातीला भुलू नये.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह बकेट वळवण्याच्या लाइनवर बसतो. लोडरच्या दांड्यावरचे बटण दाबले, की तेच तेल बकेटच्या सिलिंडरांऐवजी ग्रॅपलकडे जाते. बसवायला सोपा आणि सहसा स्वस्त असला, तरी त्यात जबडा मिटणे आणि ग्रॅपल मागे वळवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येत नाहीत. झुडपांच्या ढिगात दाते खुपसून मागे वळवता वळवता जबडा मिटवावा लागतो, आणि ही हालचाल दिवसभर पुन्हा पुन्हा होते. थर्ड फंक्शन व्हॉल्व्हला पंपाकडून स्वतंत्र वाट मिळते, म्हणून दोन्ही हालचाली एकत्र करता येतात. एकाच पंपाचे तेल वाटले जात असल्याने कमी अवरोधाच्या बाजूला ते आधी धावते, पण थोड्या सरावाने हाताला त्याचा अंदाज येतो. आपल्या कामासाठी मी थर्ड फंक्शनच सुचवेन. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला हायड्रॉलिक आउटलेट असतील, तर तिथून लांब होज पुढे आणण्याचा तिसरा मार्गही आहे. मात्र त्याचा दांडा वेगळ्या जागी असल्यामुळे प्रत्येक वेळी लोडरच्या दांड्यावरचा हात काढावा लागतो.

ग्रॅपल पाहायला जाल, तेव्हा दोन गोष्टी हात लावून तपासा. सिलिंडर आणि होज यांना वरून पोलादी आडोसा आहे का, हे पहिले. कारण उलटी वळलेली फांदी होजमध्ये अडकली, की होज तिच्या कपलरसकट (जोडणाऱ्या सांध्यासकट) उपटली जाते. दुसरे म्हणजे, सिलिंडरवर पायलट चेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमधले तेल अडवून ठेवणारा) आहे किंवा बसवता येतो का. होज फुटली किंवा व्हॉल्व्हमधून तेल झिरपत राहिले, तरी त्यामुळे जबड्याची पकड सुटत नाही. कपलर काढण्यापूर्वी इंजिन बंद करून लाइनमधला दाब सोडावा आणि गळती शोधताना हात कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा; सुईएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडीतून आत शिरते आणि त्याला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. २५० किलोचा पर्याय मी सोडून दिला आहे आणि थर्ड फंक्शन घेण्याचे ठरवले आहे. हलका, १.५ मीटर रुंदीचा ग्रॅपल मिळतो का, हे पाहतो; त्याचे वजन १६० किलोच्या आसपास असेल तर तो, नाहीतर १.२ मीटरचा. दोन शंका अजून आहेत. ग्रॅपलने बुंधे उपटणे या लोडरला झेपेल का? आणि मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले आहे, तेवढा तोल पुरेसा होईल का?

उत्तर : तुळई

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक निकडीचे आहे. टायरमधले पाणी मागच्या एक्सलवरच बसते. त्याने मागची चाके उचलली जाण्याला प्रतिबंध होतो आणि पकड वाढते, पण पुढच्या एक्सलवर आलेला भार त्याने हलका होत नाही. तो हलका करायचा असेल, तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे हवे. थ्री-पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागे अवजारे लावण्याच्या जोडणीवर) ३०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा एक्सलपासून ०.९ मीटर मागे टांगला आणि दोन एक्सलमधले अंतर १.६ मीटर असले, तर पुढच्या एक्सलवरचे जवळपास १७० किलो कमी होतात. लहान ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल हा सर्वात नाजूक भाग असतो आणि ग्रॅपलचे काम खडबडीत जमिनीवर चालते, म्हणून अशा ठोकळ्याशिवाय काम सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे. लोडरच्या पुस्तिकेत मागच्या वजनाची शिफारस दिलेली असते. ती पाळावी आणि लिंकेजची मर्यादाही पाहावी.

बुंध्यांबाबत सावधपणे सांगतो. मनगटाएवढ्या खोडाचे झुडूप, जमीन ओली असताना, दाते मुळांखाली घालून ग्रॅपल मागे वळवला की निघते. त्याहून जाड बुंध्याला आधी चारी बाजूंनी माती मोकळी करून मुळे तोडावी लागतात. मुळे न तोडता कडेच्या एका दात्याने रेटा दिला, तर सगळा भार एकाच बाहूवर येतो आणि लोडरची चौकट पिळली जाते. एकदा पिळलेली चौकट पूर्ववत सरळ होणे फार कठीण असते. ग्रॅपल जितका रुंद, तितकी ही पिळणारी तरफ लांब, आणि १.२ मीटरच्या बाजूने माझे झुकते माप असण्याचे हेही एक कारण आहे. वेगाने येऊन धडक देणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. बुंधे संख्येने बरेच असतील, तर त्यांच्यासाठी साधारण ४५ सेंमी रुंदीची, लांब आणि निमुळती वेगळी बकेट मिळते. तिचा जोर लोडरच्या मध्यावर येतो. साखळीने ओढायचे झाल्यास साखळी मागच्या ड्रॉबारलाच बांधावी, त्याहून उंच कुठेही नाही. उंचावर बांधलेल्या साखळीने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो.

उत्तर : झाडझुडूप

एक भर घालतो. आपला लोडर स्वतःहून पातळी राखणारा नसेल, तर बाहू वर जाताना ग्रॅपल आपोआप मागे, म्हणजे चालकाच्या दिशेने झुकत जातो. गोल ओंडका त्या वेळी जबड्यातून सुटला, तर तो बाहूंवरून घरंगळत थेट आसनाकडे येतो. म्हणून उचलताना ग्रॅपल थोडा थोडा पुढे झुकवत राहावा, दोन-तीन सुटे ओंडके एकावर एक रचून उंच नेऊ नयेत, आणि वाहून नेताना माल जमिनीपासून ३०-४० सेंमीवरच ठेवावा. उलटण्यापासून रक्षण करणारी मागची कमान उभी करून पट्टा बांधलेला असावा; पण ती कमान पुढून येणारा ओंडका अडवत नाही, हे ध्यानात ठेवावे. उतारावर माल घेऊन चालायचे असेल, तर मालाची बाजू चढाकडे ठेवून सरळ वर किंवा सरळ खाली जावे. आडवे जाऊ नये.

१.५ मीटरचा हलका ग्रॅपल मिळाला, तर घेण्यापूर्वी तो प्रत्यक्ष काट्यावर मोजून घ्यावा. माहितीपत्रकातील वजनात पुष्कळदा सिलिंडर आणि होज धरलेले नसतात.

माळरान

काट्यावर मोजण्याची सूचना फार उपयोगी आहे. ठोकळ्यासाठी पोलादी पेटी आधी बनवून घेतो आणि मगच ग्रॅपल पाहायला जातो.