कपाटामागच्या भिंतीवर दर पावसाळ्यात बुरशी येते; नेमके काय करावे?

प्रश्न
आम्ही डोंबिवलीत चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुलै उजाडला की निजायच्या खोलीतील कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठतात आणि गणपतीपर्यंत त्यांचे तळहाताएवढे डाग होतात. यंदा तर सासूबाईंच्या शालूवर, बरोबर घडीच्या कडेने, पांढरट बुरशी धरलेली आढळली. गेल्या दिवाळीत बुरशीरोधक म्हणून लावलेल्या महागड्या प्लास्टिक पेंटचेही पोपडे निघाले. मुलाला दमा असल्यामुळे हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, की भिंत ब्लीचने पुसून पुन्हा रंगवावी, हे कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
दोन्ही करण्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे, कारण ओल कायम राहिली तर बुरशी कितीही पुसली तरी परत येणारच. वीतभर प्लास्टिकचा तुकडा डागाशेजारी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येत आहे. ती कोरडी राहिली तर दोष बहुधा खोलीतील दमट हवेचा आहे. आपली ती भिंत नैर्ऋत्येकडे आहे का? पावसाचा मारा तिकडूनच बसतो. वरच्या घराची न्हाणी त्या भिंतीला लागून असेल तर नहाणी ट्रॅपभोवतीची (न्हाणीच्या जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची) गळतीही तपासून घ्यावी.

प्रतिसाद २
हवा शुद्ध करणारे हेपा फिल्टरचे (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) यंत्र हवेतील बुरशीचे बीजाणू पकडते, पण ओलावा मुळीच कमी करत नाही. म्हणून मी आधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यायला सांगेन. खोलीतील आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवणे हे खरे उद्दिष्ट, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते केवळ खिडक्या उघडून साधत नाही, कारण बाहेरची हवाच त्याहून दमट असते. एसीचा ड्राय मोड किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र दार-खिडक्या लावून चालवावे. खोलीत दोरीवर कपडे वाळत घालणे मात्र पहिल्यांदा बंद करावे: यंत्रातून पिळून निघालेल्या एका घाण्यातही साधारण दोन लिटर पाणी असते आणि ते सगळे त्याच हवेत जाते. कुबट वास झाकण्यासाठी आपण अगरबत्ती किंवा धूप लावत असाल (आमच्याकडे हे वर्षानुवर्षे चालले होते), तर दमेकऱ्याला तो धूर बुरशीइतकाच जाचक ठरतो.

प्रतिसाद ३
ब्लीचने डाग पांढरा होतो, पण प्लास्टर सच्छिद्र असल्यामुळे आत मुरलेली बुरशी शिल्लक राहते. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. गळती बंद झाल्यावर सुटलेली पुट्टी खरवडून भिंत उघडी ठेवावी आणि ती खडखडीत वाळल्यावरच, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नवा रंग द्यावा. दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर चढवलेला प्लास्टिक पेंट आतले पाणी कोंडून ठेवतो आणि त्याचे पोपडे निघतात. चुन्याच्या गिलाव्यातून तीच ओल बाहेर पडू शकते. खरवडताना एन-95 मुखपट्टी लावावी, मुलाला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवावे आणि शालू घराबाहेर मऊ ब्रशने झटकावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. भिंत नैर्ऋत्येकडचीच आहे. आज प्लास्टिक काढले. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले होते. बाहेरून पाहिले तर खिडकीचा सज्जा भिंतीला मिळतो तेथे बोटभर रुंद भेग आहे, आणि आतले डाग नेमके त्याच उंचीपासून खाली उतरलेले आहेत. बाहेरील भिंतीची दुरुस्ती सोसायटीकडे येत असल्याने तसे पत्र छायाचित्रांसह दिले आहे. तोपर्यंत कपाट ओढून खोलीच्या मधोमध आणले आहे, आणि आम्ही त्याला वळसा घालून ये-जा करतो.