मदत हवी आहे: संग्रहालयाच्या सर्व्हेत सगळे 'छान' लिहितात, अहवाल कसा करू?

मुक्काम_मुंबई
मंडळी, जरा घाईत आहे. मुंबईतल्या एका छोट्या संग्रहालयात कंत्राटी नोकरी करतो (नाव विचारू नका). विश्वस्तांच्या बैठकीत 'प्रेक्षक सर्वेक्षण' मांडा, असं फर्मान आलंय. फॉर्म केला, दोनशेच्या वर भरून आले. 'संग्रहालय कसं वाटलं?' याला जवळपास सगळ्यांनी 'छान' किंवा 'खूप छान'वर टिक केलीय. सूचनांच्या रकान्यात 'काही नाही', 'पंखे लावा', 'कँटीन हवं'. एकाने नुसता बदाम काढून दोन नावं लिहिलीत. यातून अहवाल कसा काढायचा? तयार फॉरमॅट असेल तर टाका. इंग्रजीत ढीगभर मिळतंय, पण वाचत बसायला वेळ नाही.

खडूफळा
फॉर्म कुठे दिला? कुणी दिला? कोणत्या भाषेत? तिकीट आहे की फुकट? सहलीतली मुलं धरलीत का?

मुक्काम_मुंबई
तिकीट आहे, नाममात्र. फॉर्म मराठी-इंग्रजी, बाहेर पडायच्या दारापाशी टेबलावर. मुलांनीही भरलेत. पण याचा काय संबंध? मला फॉरमॅट हवाय.

खडूफळा
आणि टेबलाशी कोण असतं?

मुक्काम_मुंबई
सिक्युरिटीवाले काका.

खडूफळा
मग झालं की! गणवेशातला माणूस समोर उभा, पेन त्याचं, त्याला दोरी बांधलेली, पोर हात ओढतंय आणि पाच चाळीसची लोकल पकडायचीय. पोहे कसे झालेत असं यजमानीणबाईंनी समोर उभं राहून विचारल्यावर आपण जे बोलतो, तेच लोकांनी लिहिलंय.

सरासरी_माणूस
खडूफळांशी सहमत, पण त्याआधीचा घोळ मोठा आहे. टेबलाकडे आपणहून वळले त्यांचेच फॉर्म तुमच्याकडे आहेत. वैतागून निघून गेलेला टेबलापाशी थांबतोय कशाला? दारात एक जण उभा करा आणि बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या माणसाला विचारा. दहावा म्हणजे दहावाच, चेहरा बघून निवडायचा नाही. आपण नकळत हसऱ्या, मराठी बोलणाऱ्या, रिकामटेकड्या दिसणाऱ्या माणसाला गाठतो. नाही म्हणाले त्यांचाही आकडा ठेवा. ४०० जण असे निवडले तर टक्केवारी साधारण ५ अंक इकडेतिकडे होईल, १०० घेतले तर १० अंक. निवडच वाकडी असेल तर ४००० फॉर्म घेऊनही फरक पडणार नाही. शाळेची मुलं वेगळी काढा, बाईंनी सांगितलं की अख्खा वर्ग एकच उत्तर लिहितो. शनिवार-रविवार आणि कामाचे दिवस दोन्ही हवेत. पावसाळ्यातली गर्दी आणि मे महिन्यातली गर्दी एक नसते. जुलैत निम्मे लोक आडोशाला शिरलेले असतात.

क्लाउडवाला_पक्या
कोणत्या जमान्यात आहात? दोन कॅमेरे लावा, एआयने हीटमॅप काढा. कोण कुठे किती सेकंद थांबला ते डॅशबोर्डवर. फॉर्मची कटकटच नाही. आमच्या ओळखीचा एक जण करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नियमबाह्य
पक्याभाऊ, त्या गर्दीत निम्मी पोरं असतात. १८ वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते, असं २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. चेहरे टिपणारा कॅमेरा लावून मोकळं होता येत नाही. आणि कंत्राटी माणसाने विश्वस्तांकडे कॅमेऱ्यांचं बजेट मागायचं? मग त्याचंच कंत्राट जाईल.

क्लाउडवाला_पक्या
मॉलमध्ये सगळे करतात, तिथे कुणाला कायदा आठवत नाही.

राणीबाग_रिटर्न्स
अवांतर: भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं का? पोरांना पेंग्विन दाखवून तिकडे न्यायचंय.

खडूफळा
हो, बुधवारी बंद. पण हे अवांतर नाही हो! १८७२ची ती इमारत राणीच्या बागेला लागूनच आहे. आज शिरलेल्यांपैकी कितीजण संग्रहालयासाठी आले आणि कितीजण पेंग्विन बघून झाल्यावर वेळ उरला म्हणून, हे 'कसं वाटलं' विचारून कधीच कळणार नाही. 'आज इकडे येणं कसं झालं?' असं विचारलं तर कळेल.

निवृत्त_दालनपाल
खडूफळांनी मुद्द्याला हात घातला. जॉन फॉक नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत. वय, शिक्षण, उत्पन्न यापेक्षा माणूस त्या दिवशी कशासाठी आलाय ते बघा, असं ते सांगतात. कुणी कुतूहलापोटी येतो, कुणी पोरांना दाखवायला, कुणी 'मुंबईत आलो आणि हे नाही पाहिलं' म्हणून, कुणाचा तो विषयच असतो, तर कुणाला चार घटका शांत बसायचं असतं. एकच माणूस आज एक असतो, पुढच्या रविवारी पाहुणे घेऊन आला की दुसरा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेत अर्धा तास बसलेली मंडळी बघा, म्हणजे पटेल.

पण मुक्काम, विश्वस्तांना नक्की कशाचं उत्तर हवंय? 'सर्वेक्षण करा' असं कुणी उगाच म्हणत नाही.

मुक्काम_मुंबई
बरं, सांगतो. वरच्या मजल्यावर गिरणगावाचं दालन आहे. चात्या, धोटे, हजेरीचे बिल्ले, चाळीतली खोली जशीच्या तशी. तिथे कुणी फिरकत नाही. ते बंद करून जागा कार्यक्रमांना भाड्याने द्यावी असं काहींचं म्हणणं आहे. 'लोकांना आवडत नाही' हे आकड्यांत हवंय.

खडूफळा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

सरासरी_माणूस
आणि फॉर्ममध्ये त्या दालनाबद्दल एकही प्रश्न नाही! धन्य.

निवृत्त_दालनपाल
न आवडणं वेगळं आणि न पोचणं वेगळं. फॉर्म गुंडाळून ठेवा. दोन्ही मजल्यांच्या नकाशाच्या झेरॉक्स काढा, एका माणसाला एक कागद. तो आत आला की पेन्सिलीने त्याची वाट रेघेने काढा, थांबला तिथे फुली, बाजूला वेळ. नाव-गाव काही नाही. लांबून बघा, सावलीसारखे मागे लागू नका. १९२०च्या दशकात येलचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी लोकांच्या मागे असेच घड्याळ घेऊन माणसं ठेवली होती. त्याआधी १९१६ साली बॉस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी तर शोकेसमधलं बघायला माणसाला किती वाकावं, उकिडवं बसावं लागतं याचे फोटोच काढले आणि या दमणुकीला 'म्युझियम फटीग' म्हटलं. ते फोटो बघितलेत तर लेबलं गुडघ्याच्या उंचीवर लावणं आजच बंद कराल.

आणखी एक. बेव्हर्ली सेरेल यांनी शंभरावर प्रदर्शनांचे असे कागद एकत्र केले. विषय कुठलाही असो, लोक एका प्रदर्शनात सहसा २० मिनिटांपेक्षा कमी वेळ काढतात. त्यामुळे तुमच्याकडे बारा मिनिटं आली तर हाय खाऊ नका. दालनाचं क्षेत्रफळ भागिले सरासरी मिनिटं करा. आकडा जितका मोठा, तितके लोक नुसते चालत सुटलेत. दोन मजल्यांची तुलना याच आकड्याने करा. वरच्या मजल्यासाठी वर पोचलेल्यांचेच कागद धरायचे.

जिना कुठे आहे?

मुक्काम_मुंबई
आत शिरल्यावर डाव्या हाताला, तिकीट खिडकीच्या मागे.

निवृत्त_दालनपाल
आर्थर मेल्टन यांना १९३०च्या दशकात अमेरिकेत दिसलं होतं की दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात. जिना डावीकडे, म्हणजे आधीच मार खातोय.

चाळीचा_चौकटराजा
अहो, अमेरिकेतले लोक उजवीकडून चालतात. आपण डावीकडून. त्यात लहानपणापासून प्रदक्षिणेची सवय. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणजे शिरल्यावर डावीकडेच वळणार.

निवृत्त_दालनपाल
प्रदक्षिणेला मध्ये देव लागतो. इथे मध्ये मोकळी फरशी आहे.

चाळीचा_चौकटराजा
तरीही.

सरासरी_माणूस
वाद कशाला? मुक्काम मोजतीलच.

वॉर्डनची_मुलगी
माझे बाबा एका संग्रहालयात अटेंडंट होते. त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. कुठल्या शोकेसच्या काचेवर पोरांच्या नाकाचे ठसे उमटतात आणि कुठली काच पुसावीच लागत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुठले तीन प्रश्न दिवसभर येतात तेही. तुमच्या काकांना टेबलावरून उठवा आणि चहा पाजून बोलतं करा.

लालबागचा_बाजा
मला वेगळंच म्हणायचंय. आत आलेल्यांना कितीही विचारा. ज्यांचं दालन आहे ते आत आलेतच कुठे? माझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे. आमच्या चाळीतलं कुणी तिथे गेलेलं नाही. तिकीट नाममात्र असेल, पण दारातला थंडगार हॉल बघूनच माणूस मागे फिरतो. फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू यांनी १९६६ सालीच हे दाखवलं होतं की दार सगळ्यांना उघडं असून आत येतात ते बहुतेक शिकलेल्या घरातले. परळ-लालबागला येऊन विचारा, 'का येत नाही?'

टॉवरवासी
गिरण्या गेल्या त्या संपामुळे. आता दालनं काढून काय उपयोग?

लालबागचा_बाजा
संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. त्याच्या आधीपासून मालकांनी नवी यंत्रं आणायचं बंद केलं होतं. अडीच लाख कामगारांवर खापर फोडणं सोपं आहे. टॉवर कुणाच्या जमिनीवर उभा आहे ते बघा.

टॉवरवासी
आलं का राजकारण!

संपादक
गिरणी संपावर वेगळा धागा काढावा. इथले पुढचे तेरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

कोकणकन्या_एक्सप्रेस
आमच्याकडे सासऱ्यांचा गिरणीतला पितळी बिल्ला आहे, नंबर कोरलेला. चिंचेने घासून चकचकीत केला तर चालेल का? संग्रहालय असं घेतं का?

निवृत्त_दालनपाल
ताई, अजिबात घासू नका! कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवा.

मुक्काम_मुंबई
सगळ्यांचे आभार. शनिवारी नकाशे घेऊन बाकावर बसलो. डावीकडे-उजवीकडे दोघेही हरलात, बहुतेक लोक सरळ समोरच्या जहाजाच्या मॉडेलकडे जातात. वर गेलेले बोटावर मोजण्याइतके, पण गेले ते चाळीच्या खोलीत भरपूर रेंगाळले. एक आजी तर नातीला स्टोव्हला पिन कशी मारायची ते दाखवत होत्या. काकांना विचारलं तर म्हणाले, 'दिवसभर एकच सवाल, वर काय आहे? चालू आहे का?' मग जाऊन बघितलं. जिन्याच्या तोंडाशी मागच्या समारंभाचा स्टँडी उभा आहे, त्यावर विश्वस्तांचे हसरे फोटो. बाणाची पाटी त्याच्या मागे.

आता हे त्याच विश्वस्तांच्या पुढ्यात कसं मांडू?

नियमबाह्य
स्टँडी कुणाचा ते लिहूच नका. 'जिन्याच्या तोंडाशी अडथळा' एवढंच.

सरासरी_माणूस
आधी स्टँडी हलवा, पुढच्या शनिवारी त्याच वेळात तेवढेच कागद भरा. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी ठेवा. एकाच शनिवारचं काही खरं नसतं, त्या दिवशी वानखेडेवर मॅच असेल तर सगळं मुसळ केरात. म्हणून दोन्हीकडे एकेक कामाचा दिवसही घ्या. बैठक पुढे ढकलता येते का बघा.

मुक्काम_मुंबई
बैठक ढकलली, अध्यक्षच परगावी आहेत. स्टँडी धुवायला नेतो सांगून काकांनी आत ठेवलाय. कोकणकन्याताई, बिल्ल्याबद्दल व्यनि केलाय. गिरणीचं नाव, खातं आणि साधारण साल कळवा, आणि संग्रहालयाची सहीशिक्क्याची पावती हातात पडेपर्यंत वस्तू देऊ नका.