मदत हवी आहे: गोलकिकवर प्रेस करताना (पुढे जाऊन दबाव टाकताना) समोरच्यांचा मधला मोकळा सुटतो

१५ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ आहे, ४-३-३ (चार बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन आघाडीचे) खेळतो. समोरचे गोलकिक बॉक्समध्येच छोटा पास देऊन घेतात (२०१९च्या नियमबदलापासून ते चालतं) आणि त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर दोन सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उतरतो. आमचा स्ट्रायकर एकटा तिघांमागे धावून दमतो.

विंगरला (कडेच्या आघाडीच्या खेळाडूला) आत घेऊन सेंटर बॅकवर सोडून पाहिलं. चेंडू त्याच्या डोक्यावरून थेट त्यांच्या फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे). मग एक मिडफिल्डर त्या उतरणाऱ्याच्या मागे पाठवला, तर आमच्या बचावफळीपुढे मैदानच उघडं पडलं. आमचे सेंटर बॅक हळू आहेत, त्यामुळे फळी फार वर नेता येत नाही. मागे बसून राहणं पोरांना पटत नाही, खरं तर मलाही नाही.

तर त्या उतरणाऱ्यावर नेमकं कोणी जायचं, आणि कोणता पास सुटला की निघायचं?