बायोडेटावर क्यूआर कोड छापावा की नाही? सातपूर-अंबडवाल्यांनो, मत सांगा

सिन्नरची व्हीएमसीवाली:
डिप्लोमा मेकॅनिकल, व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) दोन वर्षं. महिनाभर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कंपन्यांच्या गेटांवर बायोडेटा देत फिरतेय. ‘सेटिंग येतं’ हे प्रत्येकाच्याच कागदावर असतं. म्हणून डायल गेज लावून व्हाइस (भाग पकडणारा शिकंजा) सरळ कसा करते, वर्क ऑफसेट कसा घेते, म्हणजे भाग नेमका कुठे आहे ते मशीनला कसं सांगते, याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला आणि त्याचा कोड नावाशेजारीच छापला. हातात कला असेल तर ती दाखवायची सोय का सोडायची? ज्यांची कुठे ओळख नाही त्यांनी तर मुळीच सोडू नये.

एचआर, अंबड:
माझा विरोध आहे. वॉक-इनच्या दिवशी टेबलावर गठ्ठा असतो, एका कागदाला अर्धं मिनिटही मिळत नाही. फोन काढून, कोड धरून लिंक उघडेपर्यंत पुढचे तीन बायोडेटा वाचून होतात. पुढे कागद प्रॉडक्शनकडे जातो, आणि आमच्या शॉपफ्लोअरवर कॅमेऱ्याचा फोन न्यायलाच बंदी आहे. तिथे तुझा कोड म्हणजे नुसता काळा चौकोन. शिवाय मी स्कॅन केलेले कितीतरी कोड ‘परवानगी मागा’ या पानावरच अडकले.

सिन्नरची व्हीएमसीवाली:
परवानगीची चूक माझ्याकडूनही झाली होती. गूगल ड्राइव्हची फाइल आधी फक्त आपल्यालाच उघडते, ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं बदलावं लागतं. मैत्रिणीच्या फोनवर उघडून पाहिलं तेव्हा कळलं. पण ताई, मिसळीचे पैसे देताना आपण कोड स्कॅन करतोच ना?

एचआर, अंबड:
तिथे पैसे जाण्याआधी दुकानदाराचं नाव समोर येतं. तुझ्या कोडमागे काय आहे ते मला कसं कळणार? अनोळखी कोड ऑफिसच्या फोनवर उघडू नका, असं आमच्या आयटीने बजावलंय, आणि ते बरोबरच आहे.

छपाईवाला, नाशिक रोड:
मी कोडच्या बाजूने, पण लोक छापतात फार वाईट. हा कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारांनी बनवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कारखान्यातलंच लेकरू आहे ते. डाग पडला, कोपरा फाटला तरी वाचता यावा म्हणून त्यात जादा माहिती भरलेली असते. या जादा माहितीच्या सर्वात वरच्या पातळीला साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतं, खालच्या पातळीला 7 टक्केच. पण पातळी वाढवली किंवा लिंक लांबलचक दिली की कोडमधले छोटे चौकोन आणखी बारीक होतात आणि झेरॉक्समध्ये एकमेकांत मिसळतात. म्हणून लिंक छोटी ठेवा. कोड किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंना अशा चार छोट्या चौकोनांएवढी जागा मोकळी. कागदाची घडी त्यावर येऊ देऊ नका. आणि फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडपासून सांभाळून: तो मधल्या कंपनीच्या पत्त्यावरून फिरून जातो. तिची मुदत संपली की वाटलेले सगळे कागद मुके.

निवृत्त फोरमन, सातपूर:
छपाईचं सोडा. पोरी, व्हिडिओत जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला भाग, कोणाचा होता? ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं. आधीच्या कंपनीचा जॉब कोणी मला दाखवला तर मी त्याला घेणार नाही, उद्या तो आमचाही दाखवेल. माणूस ओळखायचा तर मशीनवर उभा करून. ट्रेड टेस्ट कशासाठी असते?

सिन्नरची व्हीएमसीवाली:
काका, व्हिडिओ मामांच्या वर्कशॉपमध्ये केलाय, भंगारातल्या ठोकळ्यावर. ड्रॉइंग कोणाचंच नाही. आणि ट्रेड टेस्टला मी आनंदाने उभी राहीन, पण बोलावणं तर यायला हवं! महिन्याभरात एकदाही गेटच्या आत गेले नाहीये.

निवृत्त फोरमन, सातपूर:
मग ठीक. ‘स्वतःचा सराव, कंपनीचा जॉब नाही’ हे कोडखाली लिही. ते वाचून तरी मी थांबेन.

एचआर, अंबड:
मी तरीही स्कॅन करणार नाही. मशीनचा कंट्रोलर फानुक की सीमेन्स कंपनीचा, किती टॉलरन्सवर (मापातल्या किती फरकाच्या आत) काम केलंस, रात्रपाळी चालेल का, हे मला पहिल्या चार ओळींत हवं. तुझ्या कागदावर ती जागा कोडने अडवलीय.

सिन्नरची व्हीएमसीवाली:
हे मात्र पटलं. फानुक, 0.02 मिमी, तिन्ही पाळ्या: एवढं वर घेते. कोड खाली उजव्या कोपऱ्यात, घडीपासून लांब, खाली साध्या अक्षरांत लिंक आणि काकांची ओळ. काढणार मात्र नाही. सोमवारी नवे कागद घेऊन पुन्हा अंबडलाच येतेय.