मदत हवी आहे: शून्य हिट पॉइंटला (मार सोसायची ताकद संपली की) मरण नको, पण भीती तर राहिली पाहिजे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जुन्या पद्धतीचे आरपीजी (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र चालवायचे खेळ) खेळणारे, त्यातही स्वतःचे घरगुती नियम करून पाहिलेले कुणी असाल तर प्लीज सांगा, कारण मी एका नियमावर दोन महिने अडकलोय.

आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूरला माझ्या घरी दर रविवारी दुपारी खेळतो. डीएम (खेळ चालवणारा) मी. खेळणारे पाच जण, ऑफिसातले दोन मित्र, त्यातल्या एकाची बायको, माझा चुलतभाऊ आणि १३ वर्षांची भाची. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्टचे. नवीन एडिशन दोन वर्षं खेळलो आणि मुद्दाम मागे आलो, कारण नव्यात प्रत्येकाच्या शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) इतक्या पॉवर्स असतात की लोक शीटमध्येच डोकं घालून बसतात, समोरच्या खोलीत काय आहे ते कुणी विचारतच नाही.

किल्ला मी नळदुर्गावरून घेतलाय. ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल, बोरी नदीवरचा बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आणि पावसाळ्यात वरून कोसळणारे नर-मादी धबधबे. लहानपणी पावसात तिथं आत उभा होतो, भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता आणि बाबांचा हात सोडवत नव्हता. तेच मला टेबलावर आणायचंय. म्हणून माझ्या किल्ल्यात पाणीमहालाच्या खाली अजून तीन मजले आहेत.

तर झालं असं की तिसऱ्याच रविवारी भाचीची मॅजिक-युजर (जादूगार पात्र) मेली. हिट पॉइंट ३, मोठा उंदीर चावला, नुकसान १ ते ३ आणि पडले नेमके ३. मूळ नियमात शून्य म्हणजे संपलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर त्या बाईचं चित्र काढलं होतं, खांद्यावर मोराच्या डिझाइनची सोलापुरी चादर, तिच्या काठाची नक्षीसुद्धा पेनानं भरलेली. रडली वगैरे नाही, पान मिटलं आणि म्हणाली, "मामा, आता मी काय करू?" चार वाजले होते, खेळ सहापर्यंत चालणार होता. मला ते फार लागलं.

त्याच रात्री नियम बदलला. शून्यावर आलं की मरण नाही, मूर्च्छा. कुणीतरी शेजारी बसून १ टर्न, म्हणजे खेळातली १० मिनिटं, मलमपट्टी केली की १ हिट पॉइंट परत. अख्खी पार्टी पडली तरच मरण.

त्यानंतर आठ रविवारात कुणी मेलं नाही. पण कुणी पळालंही नाही. मागच्या वेळी ११ गॉब्लिन (छोटे राक्षस) समोर आले, पहिले दोघं पडले तरी बाकीचे दारात उभेच, आणि चुलतभाऊ म्हणाला, "पडू दे की बे, नंतर उठवू." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. आधी हीच मंडळी दारापलीकडं खुट्ट झालं की कुजबुजायची, तेल किती उरलंय ते मोजायची, गॉब्लिनला सुकं मांस देऊन बोलणी करायची. आता माझ्याकडच्या मोरालच्या (राक्षसांची हिंमत टिकते का बघायच्या) नियमाला गॉब्लिन पळतात (मोराल ७, दोन फाशांवर ८ किंवा जास्त पडलं की माघार), माणसं मात्र पळत नाहीत.

शून्यावर डेथ सेव्ह (मरण टाळायला टाकायचा फासा) करून पाहिला, पण पहिल्या लेव्हलच्या फायटरला २० च्या फाशावर १२ किंवा जास्त लागतात म्हणजे वाचायचा चान्स ४५ टक्के, मॅजिक-युजरला १३ म्हणजे ४०, ज्याला आधीच हिट पॉइंट कमी तोच जास्त मरणार. पडलं की कायमचा १ कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) कमी हेही केलं, पण दोघांना आपलं कॅरेक्टर नकोसंच झालं.

आता डोक्यात असं आहे की किंमत शरीरातून न घेता वेळेतून घ्यावी. मलमपट्टीला १ ऐवजी ६ टर्न. म्हणजे एक अख्खी मशाल जळणार, आणि दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी ६ च्या फाशावर १ पडतो का बघतो, ते तीनदा बघावं लागणार, म्हणजे काहीतरी येऊन धडकायची शक्यता ४२ टक्के. हे पुरेल का? कुणी करून पाहिलंय का?

प्रतिसाद १:
दादा, धागा दोनदा वाचला. भाची "का मेली" असं विचारत नव्हती, "आता मी काय करू" असं विचारत होती. तिला दोन तास रिकामं बसावं लागलं हा खरा प्रॉब्लेम आहे की ओ. मरण तसंच ठेवा आणि भाडोत्री सोबती (पैसे देऊन बरोबर घेतलेली जादा पात्रं) आणा, नियम पुस्तकातच आहे, साधा ९ ते १२ करिश्मा (लोकांवर छाप पाडायचा गुण) असला तरी चार जण ठेवता येतात. सोबत्याला पहिल्या दिवसापासून नाव द्या, एक सवय द्या. कॅरेक्टर गेलं की त्याच मिनिटाला खेळाडूनं सोबती हातात घ्यायचा. आमच्या ग्रुपमध्ये हे केल्यावर मरण सोसवायला लागलं आणि भीतीही गेली नाही.

प्रतिसाद २:
६ टर्नचा हिशोब बरोबर आहे पण तो खेळाडूंना दिसला पाहिजे. टेबलाच्या मधोमध कागदावर मशालीचे सहा चौकोन काढा आणि खेळाडूंनाच खोडायला लावा, तुम्ही मनात मोजलं तर कुणाला काही वाटणार नाही. आणि हातात पाणीमहाल असताना राक्षस कशाला पाहिजेत? दर टर्नला पाणी एक पायरी चढू दे. बेशुद्ध माणूस घेऊन पायऱ्या चढायच्या का तिथंच बसून मलमपट्टी करायची, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्पच बसलो, मी तिचा प्रश्न चुकीचा ऐकला होता. संध्याकाळी तिला फोन करून विचारलं, सोबती चालेल का, तर म्हणाली चालेल पण चादर त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे या रविवारी शून्याला मरण परत, सोबती सुरू, आणि पायऱ्यांवर पाणी. मूर्च्छेचा नियम काढून टाकतोय.

एकच अडकलंय. सोबत्याला एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) अर्धाच वाटा मिळतो. तो खेळाडूचं मुख्य कॅरेक्टर झाला की तोवर जमलेले एक्सपी तसेच ठेवता, का मेलेल्याचे काही त्याच्याकडे वळवता? भाचीची बाई दुसऱ्या लेव्हलला लागणाऱ्या २,५०० पैकी ९०० वर होती.