पाढे धडाधड म्हणते, पण मधलंच विचारलं की अडते

तिसरीची_आई
मुलगी तिसरीत आहे. दहापर्यंतचे पाढे सुरात, एका दमात म्हणते. पण 'सात सक किती?' असं मध्येच विचारलं की परत 'सात एके सात'पासून सुरुवात, बोटं मोजत. अजून घोकून घ्यावं की दुसरं काही करावं?

खडूफळा
तिने पाढा क्रमाने साठवलाय, त्यामुळे बेचाळीसला पोचायला आधीची पाचही स्टेशनं घ्यावी लागतात. घोकून ती फक्त वेगाने जाईल, थेट उतरणार नाही.

चौकटीच्या कागदावर सात घरांच्या सहा ओळी रंगवायला सांगा. पाचव्या ओळीखाली जाड रेघ. वर सात पंचे पस्तीस, खाली उरले सात, झाले बेचाळीस. आता कागद आडवा धरा, तेच सहा साते. घरं मात्र तेवढीच. हे आपण सांगू नये, तिला फिरवून बघू द्यावं.

आणि घोकायचं किती, तेही बघा. दहा पाढ्यांत १०० उत्तरं. उलटसुलट जोड्या एकच धरल्या की ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे गुणाकार काढले की २१ उरतात. नवाचे तर दहापटीतून एकपट वजा केली की मिळतात: ९ × ७ म्हणजे ७० उणे ७. तेही गेले, उरले १५! मी वर्गात या पंधराचीच कार्डं करायचो. रोज तीन-चार काढा, क्रम मोडून. घड्याळ लावू नका, मुलं अंदाजपंचे उत्तरं ठोकायला लागतात.

हातचा_एक
मला नाही पटत. पुढे ३४८ × ७ आलं की चौकटी रंगवत बसायचं का? सात आठे छप्पन्न, सहा लिहिले, हातचे पाच. हे झोपेतही यायला हवं.

खडूफळा
यायला हवंच, त्यात वाद नाही. पण तुमचंच उदाहरण घ्या. ३०० साते २१००, ४० साते २८०, ८ साते ५६, एकूण २४३६. तोच आयत, तीन तुकड्यांत. आणि ते हातचे पाच म्हणजे छप्पन्नातले पाच दशक, म्हणून ते दशकांच्या घरात मिळवायचे. चौथी-पाचवीतली कितीतरी मुलं हातचा बिनचूक घेतात, पण 'हा पाच कुठून आला?' विचारलं की माझ्याकडेच बघत बसायची.

तिसरीची_आई
आज रेघेचा प्रयोग केला. सात आठे तिने स्वतःच पस्तीस आणि एकवीस असं फोडलं! पण ६ × ० चं उत्तर ६ देते, त्याचं काय?

खडूफळा
बेरजेत शून्य मिळवलं की संख्या तशीच राहते, ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सहा रिकामे डबे पुढ्यात मांडा आणि एकूण गोट्या किती ते विचारा.